लांबची वाट, लवकरची पोच : दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को

१६ ऑक्टोबर २०१६ रोजी एअर इंडियाचे एक विमान दिल्लीहून निघाले आणि वाटेत कुठेही न थांबता सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. या दोन शहरांमधील थेट सेवा आदल्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये सुरू झाली होती, त्यामुळे या उड्डाणात वरवर पाहता नवे असे काही नव्हते. नवी होती ती दिशा. तोवर हे विमान दिल्लीहून पश्चिमेला वळून युरोप आणि अटलांटिक महासागर ओलांडीत असे. त्या दिवशी ते पूर्वेला वळले आणि चीन, जपान व प्रशांत महासागरावरून गेले.

अटलांटिकची वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची, तर प्रशांत महासागराची सुमारे १५,३०० किलोमीटरांची. म्हणजे नवी वाट १,४०० किलोमीटरांनी लांब. हे जादा अंतर दिल्ली–मुंबई हवाई अंतरापेक्षाही अधिक आहे. तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचले, जुन्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास आधी.

लांबच्या वाटेने गेलेला माणूस आधी पोहोचतो, हे कसे? आणि मग या दोन शहरांमधले ‘खरे’ अंतर कोणते म्हणायचे? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की गणित, हवामानशास्त्र आणि राजकारण या तिन्हींच्या इतिहासात शिरावे लागते.

आर्यभटाचा पक्षी

आधी एक गैरसमज दूर करू, कारण तो चांगल्या विद्यार्थ्यांच्या मनातही असतो. पुष्कळांना वाटते, पृथ्वी फिरते म्हणून विमानाच्या वेळेत फरक पडतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तेव्हा पश्चिमेला निघालेल्या विमानाखाली गंतव्य स्थान आपण होऊन सरकत यायला हवे आणि पूर्वेला निघालेल्या विमानाला पळत्या शहराचा पाठलाग करावा लागायला हवा. वरील उदाहरणात घडले ते नेमके याच्या उलट.

ही शंका नवी नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीय’ रचले आणि तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात त्याचे कारण पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे हे आहे, असे त्यात सांगितले. पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, हा त्याचा दृष्टांत. पुढच्याच शतकात वराहमिहिराने आक्षेप घेतला की, पृथ्वी जर फिरत असेल तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्याकडे परत कसे येतात? घरटे तर केव्हाच पूर्वेला निघून गेले असेल!

आक्षेप बुद्धिमान होता आणि त्याचे उत्तर मिळायला फार काळ जावा लागला. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते. पक्षी उडतो त्या क्षणी भूमीचा वेग त्याच्या अंगी असतोच आणि तो ज्या हवेत पंख मारतो तीही त्याच वेगाने चाललेली असते. विमानाचेही तसेच. आजचा विद्यार्थी विमानाविषयी जी शंका काढतो, तीच चौदा–पंधरा शतकांपूर्वी पक्ष्याविषयी काढली गेली होती. तेव्हा ती पडल्याबद्दल कोणी संकोच बाळगण्याचे कारण नाही. परिवलनाचा परिणाम होतो, पण तो आडवाटेने. त्याकडे पुढे येऊ.

सपाट कागद आणि गोल पृथ्वी

भिंतीवरच्या जगाच्या नकाशात दिल्ली सुमारे साडेअठ्ठावीस अंश उत्तर अक्षांशावर आणि सॅन फ्रान्सिस्को साडेसदतीस अंशांच्या किंचित पुढे दिसते. मर्केटर पद्धतीच्या नकाशावर पट्टी ठेवून प्रशांत महासागरावरून सरळ रेघ ओढली, तर ती रेघ प्रत्यक्षात जवळजवळ १५,००० किलोमीटरांची भरते. पृथ्वीगोलावर मात्र याच दोन शहरांना दोऱ्याने जोडून दोरा ताणला, तर तो उत्तरेकडे घसरतो आणि सुमारे १२,३८० किलोमीटरांत दोन्ही टोके जुळतात. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते, त्याला बृहद्वृत्त म्हणतात. गोलावरील दोन बिंदूंमधील किमान अंतर या वर्तुळाच्या कमानीवरच असते.

दिल्लीहून निघालेली ही कमान उत्तर दिशेच्या जेमतेम साडेसोळा अंश पूर्वेला वळलेली असते. लडाख, शिनच्यांग, सायबेरिया असे करीत ती पूर्व सायबेरियन समुद्रावर पंचाहत्तर अंशांपलीकडे चढते आणि तेथून अलास्कामार्गे खाली कॅलिफोर्नियात उतरते. पूर्व की पश्चिम असा वाद ज्या प्रवासाविषयी चालतो, त्याची सर्वांत जवळची वाट मुळात उत्तरेकडची आहे! कारण दोन्ही शहरांच्या रेखांशांत १६० अंशांचा फरक आहे. एक शहर जवळजवळ पृथ्वीच्या पाठीमागे आहे.

हे १२,३८० किलोमीटर आपण इतक्या विश्वासाने सांगू शकतो, याचे कारण पृथ्वीचा आकार कोणीतरी मोजून ठेवला आहे, आणि त्या मोजणीत भारतभूमीचा वाटा मोठा आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ सेंट थॉमस माऊंट येथे पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. अवजड थिओडोलाइट खांद्यावर वाहून नेणारे मजूर, निशाणे धरून उभे राहणारे खलाशी आणि हिवतापाने दगावलेली माणसे यांच्या बळावर ही त्रिकोणांची साखळी कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, सुमारे २,४०० किलोमीटर पोहोचली. लॅम्बटनला तिचे टोक पाहायला मिळाले नाही. १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे काम चालू असतानाच त्याचा मृत्यू झाला. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेले. या मोजणीतून निघालेला पृथ्वीचा आकार ‘एव्हरेस्ट लंबगोल’ या नावाने ओळखला जातो आणि भारताचे नकाशे दीर्घकाळ त्याच्याच आधारे काढले गेले.

प्रत्येक थांबा म्हणजे एक उतरण

किमान अंतर ठाऊक असणे निराळे आणि ते एका दमात उडून जाणे निराळे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईच्या जुहू मैदानापर्यंत टपाल आणले, तेव्हा त्यांच्या छोट्या पस मॉथ विमानाला अहमदाबादला इंधनासाठी उतरावे लागले होते. सोळा वर्षांनी, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघाले. ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. मुंबई–लंडन किमान अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. आज ते विमान न थांबता नऊ-दहा तासांत कापते.

थांब्यांचा हिशेब आपण सहसा वेळेत करतो. पण प्रत्येक थांबा म्हणजे सुरक्षित उंचीवरून एकदा खाली येणे आणि पुन्हा वर चढणे. त्याची किंमत भारताने दोनदा मोजली, आणि दोन्ही वेळा एकाच पर्वतावर. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले आणि ४८ जण मरण पावले. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली, बेरूतमार्गे जिनिव्हाकडे येत होते. विमानाचे एक दिशादर्शक यंत्र नादुरुस्त होते. रडारवरून नियंत्रकाने विमानाचे स्थान सांगितले, परंतु त्या बोलण्याचा अर्थ वैमानिकाला नीट लागला नाही. माँ ब्लाँ मागे पडले अशा समजुतीने तो उंची कमी करीत राहिला. पर्वत अजून पुढेच होता. विमानातील सर्व ११७ जण गेले. त्यांत व्हिएन्नाला निघालेले डॉ. होमी भाभा होते.

हजारो किलोमीटरांच्या प्रवासात ‘आपण आत्ता नेमके कुठे आहोत’ या प्रश्नाच्या उत्तरातली थोड्या किलोमीटरांची चूक केवढी ठरू शकते, हे भारतीय विज्ञानाला याहून जवळून कधी कळले नसेल.

वाऱ्याची नदी

आता मूळ कोड्याकडे येऊ. १५,३०० किलोमीटर साडेचौदा तासांत, म्हणजे जमिनीच्या सापेक्ष सरासरी वेग ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर. अटलांटिकमार्गे १३,९०० किलोमीटरांना साडेसोळा तास धरले, तर तोच वेग ताशी सुमारे ८४० किलोमीटर. विमान दोन्ही वेळा तेच, बोइंग ७७७-२०० एलआर; हवेतला त्याचा प्रवासवेग ताशी नऊशे किलोमीटरांच्या आसपास. एका वाटेवर त्याला ताशी दीडशे किलोमीटर कोणी बहाल केले आणि दुसऱ्या वाटेवर साठ किलोमीटर कोणी हिरावून घेतले?

दहा ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या अरुंद, वेगवान वायुप्रवाहाने. यालाच जेट स्ट्रीम, मराठीत झोतवारा, म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा तापून वर चढते आणि ध्रुवांकडे निघते. पृथ्वी फिरत असल्यामुळे ही हवा सरळ न जाता पूर्वेकडे वळते आणि उष्ण व थंड हवेच्या सीमेवर तिची जणू नदी होते. पृथ्वीच्या परिवलनाचा विमानाच्या वेळेवर परिणाम होतो तो असा, वाऱ्याच्या मध्यस्थीने.

हा वारा प्रथम पद्धतशीरपणे मोजणाऱ्यांत जपानचे वासाबुरो ओइशी अग्रगण्य होते. १९२० च्या दशकात तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून, दुर्बिणीने त्यांचा माग काढीत त्यांनी उंचावरील प्रचंड वेगांच्या नोंदी केल्या. जगाने त्या वाचाव्यात म्हणून १९२६ मध्ये त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या जागतिक भाषेत प्रसिद्ध केला. परिणाम उलटाच झाला. जगाने तो वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ विमाने जपानवर उंचावरून उडू लागली आणि कल्पनेपलीकडच्या वाऱ्यात सापडली, तेव्हा या प्रवाहाचे अस्तित्व सर्वांना मान्य करावे लागले. १९५२ मध्ये पॅन अ‍ॅम कंपनीने टोकियो–होनोलुलू प्रवासात या वाऱ्याचा मुद्दाम उपयोग केला आणि अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आणला.

या अभ्यासात भारताचेही एक महत्त्वाचे पान आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागातील शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले की, पावसाळ्यात दक्षिण भारतावर, पश्चिमी झोतवाऱ्याहूनही अधिक उंचीवर, उलट दिशेने म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा एक झोतवारा असतो. तिबेटचे पठार उन्हाळ्यात तापते, त्याचा या प्रवाहाशी आणि आपल्या मोसमी पावसाशी संबंध आहे. हिवाळ्यात मात्र पश्चिमी झोतवारा हिमालयाच्या दक्षिणेला, थेट उत्तर भारतावर येऊन स्थिरावतो. पावसाळ्यात तो हिमालयापलीकडे सरकतो. जपानच्या आकाशात हिवाळ्यात त्याचा वेग कधीकधी ताशी तीनशे किलोमीटरांहून अधिक होतो. ऑक्टोबर २०१६ मधले ते विमान या नदीच्या प्रवाहात शिरले. अटलांटिककडे जाणारी विमाने तिच्या उलट पोहत होती.

सरहद्दीही उडतात

गणिताने वाट दाखवली, वाऱ्याने साथ दिली, तरी माणसांनी आखलेल्या रेघा उरतातच. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत रशियाचे आकाश परदेशी विमानांना फारसे खुले नव्हते. युरोप–जपान विमाने सायबेरियाला वळसा घालण्यासाठी अलास्कातील अँकरेजला थांबत. १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सोलकडे निघालेले कोरियन विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ जण मरण पावले. त्यानंतर अमेरिकेने उपग्रहांवर आधारित जीपीएस प्रणाली नागरी उपयोगासाठी मोफत देण्याचे जाहीर केले. आज आपण खिशात वागवतो त्या स्थानदर्शकाच्या इतिहासात हे एक करुण पर्व आहे.

सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर, १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून, ध्रुवीय वाटा हळूहळू खुल्या झाल्या. १५ ऑगस्ट २०१९ रोजी एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान प्रथमच उत्तर ध्रुवाच्या परिसरावरून नेले. ९ जानेवारी २०२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले आणखी एक विमान ध्रुवीय मार्गाने ११ जानेवारीच्या पहाटे थेट बेंगळुरूला उतरले. अंतर सुमारे १४,००० किलोमीटर, वेळ सुमारे सतरा तास. कॅप्टन झोया अगरवाल, पापगारी तन्मई, आकांक्षा सोनवरे आणि शिवानी मन्हास या चार महिला वैमानिकांनी ते आणले.

ध्रुवावरची वाट म्हणजे नुसती जवळची वाट नव्हे. तेथे चुंबकीय होकायंत्र भरवशाचे राहत नाही. विषुववृत्तावर स्थिर असणारे दळणवळण उपग्रह सुमारे ८२ अंशांपलीकडे क्षितिजाखाली जातात. वैश्विक किरणोत्सर्ग वाढतो. इंधन गोठण्याची चिंता असते. विमानाचे जे इंधन बहुतेक देशांत वापरतात ते उणे ४७ अंशांना गोठू लागते, अमेरिकेत मिळणारे तर उणे ४० अंशांनाच. आणि सर्वांत मोठा प्रश्न, काही बिघडले तर उतरायचे कुठे? ६ जून २०२३ रोजी दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाच्या एका इंजिनात दोष आढळला आणि ते रशियाच्या पूर्व टोकावरील मगादान येथे उतरवावे लागले. दोनशेहून अधिक प्रवासी तेथे अडकले. त्यांना न्यायला मुंबईहून दुसरे विमान गेले. हिमालय आणि तिबेटच्या बाबतीत तर हीसुद्धा सोय नाही. केबिनमधील हवेचा दाब गेला तर विमानाला तातडीने तीन-साडेतीन हजार मीटर उंचीवर यावे लागते आणि तेथे जमीनच त्याहून उंच आहे. म्हणून दोऱ्याने दाखवलेली ती नेमकी वाट आजही विमाने टाळतात.

सरहद्दींचे उघडणे आणि मिटणे तर चालूच आहे. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानचे आकाश सुमारे साडेचार महिने बंद होते. २०२२ पासून रशियाचे आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाले, भारतीय कंपन्यांना खुले राहिले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचे आकाश भारतीय कंपन्यांना पुन्हा बंद झाले आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमाने अरबी समुद्रावरून वळसा घेऊ लागली. अमेरिकेहून येणाऱ्या काही विमानांना युरोपात इंधनासाठी थांबावे लागले. पंचाहत्तर वर्षांपूर्वी यंत्राच्या मर्यादेमुळे जो थांबा घ्यावा लागत होता, तो आता माणसांच्या बेबनावामुळे घ्यावा लागला. वळशाचा प्रत्येक तास कित्येक टन इंधन जाळतो आणि त्याचा धूर सरहद्द ओळखत नाही.

मग अंतर किती?

१२,३८० किलोमीटर हे पृथ्वीच्या आकाराने दिलेले उत्तर आहे. ते बदलणार नाही. १३,९०० आणि १५,३०० ही डोंगर, वारे आणि राज्ये यांच्याशी वाटाघाट करून मिळालेली उत्तरे आहेत. ती ऋतूनुसार आणि वर्षानुसार बदलत राहतील. विमानाचा मार्ग आखणारी माणसे रोज नव्याने वाऱ्याचे अंदाज पाहतात, कोणते आकाश खुले आहे ते तपासतात आणि मगच त्या दिवसापुरती वाट ठरवतात. त्या अंदाजांमागे ओइशींच्या फुग्यांपासून चालत आलेली परंपरा आहे. जगभरच्या हवामान केंद्रांवरून, आपल्याही केंद्रांवरून, फुगे आजही रोज आकाशात सोडले जातात.

विद्यार्थिमित्रांनो, शाळेतला पृथ्वीगोल आणि हातभर दोरा घ्या. एक टोक दिल्लीवर, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवून दोरा ताणा आणि तो कोणकोणत्या देशांवरून जातो ते लिहून काढा. मग त्या यादीतल्या कोणत्या देशांचे आकाश आज भारतीय विमानांना खुले आहे ते शोधा. शेवटी, घरातले कोणी परदेशी शिकायला निघाले असेल आणि त्याचे विमान ठरल्या वेळेआधी पोहोचल्याचा निरोप आला, तर घरच्यांना एवढे मात्र अवश्य सांगा, की पृथ्वी काही त्याच्यासाठी जास्त जोरात फिरली नव्हती, वारा पाठीशी होता.